लाल ठिपका

“थांबा. मागून कोण गायलं?”

पेटीवरचा बाईंचा हात थांबला आणि सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या. मागच्या ओळीत सातजणं होती. त्यातल्या सहाजणांनी लगेच उरलेल्या एकीकडे पाहिलं. ती चौथीतली, आवाजाने जाड. वर्गात तिला सगळे भोंगा म्हणत.

“मी,” भोंगा म्हणाली.

“तुला काय सांगितलंय?”

“ओठ हलवायचे.”

“मग?”

“हलवले की. पण त्यातून आवाज आला.”

पुढच्या ओळीत खसखस पिकली. खुर्चीत बसलेले हेडसर मात्र हसले नाहीत. परवा शाळा तपासायला साहेब येणार होते आणि त्यांना शाळेचं गीत ऐकवायचं होतं. गीत हेडसरांनी स्वतः रचलेलं, त्यामुळे पाचही कडवी म्हणायची होती.

मागच्या ओळीची रीत जुनी होती. पेटीच्या एका काळ्या पट्टीवर बाईंनी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होता. वर्षाच्या सुरुवातीला त्या एकेकाला जवळ बोलवत, ठिपक्यावर बोट ठेवत आणि म्हणत, लाव बघू सूर. ज्याचा आवाज तिथे लागला तो पुढे. ज्याचा लागला नाही तो बेसूर, म्हणजे मागे. मागच्यांनी नुसते ओठ हलवायचे. फोटोत ओळ भरलेली दिसावी, एवढाच त्यांचा उपयोग. ठिपका सोळा वर्षांचा होता. बाई शाळेत लागल्या त्याच आठवड्यात त्यांनी तो लावला होता.

भोंग्याने तीन वर्षं इमानाने ओठ हलवले. यंदा तिने ते घरी सांगितलं, तेव्हा आई हातातलं काम टाकून बघत राहिली. आई बसमध्ये कंडक्टर. आवाज लेकीसारखाच जाड, भरलेला.

“ओठ काय, मासेही हलवतात,” आई म्हणाली. “माझ्या आवाजावर अख्खी बस थांबते, आणि तुझा आवाज एका पेटीला चालत नाही होय?”

ते वाक्य भोंग्याच्या डोक्यात घर करून बसलं. तिला गायचं होतं. पुढची ओळ नको, बक्षीस नको, पण गायचं होतं. आणि चौथी म्हणजे या शाळेतलं शेवटचं वर्ष. आता नाही तर कधीच नाही.

तालीम पुन्हा सुरू झाली. पुढच्या ओळीत मधोमध चिमणी उभी होती, शाळेची लाडकी गायिका. वरचा सूर आला की ती टाचा उचलायची आणि तिच्या मानेच्या शिरा फुगायच्या. सगळे म्हणायचे, बघा, किती जीव ओतून गाते. या वेळीही तिने टाचा उचलल्या. आणि या वेळीही मागून तो जाड आवाज आला.

हेडसर उठले.

“हे बघ बाळ,” ते म्हणाले. त्यांचं बाळ म्हणजे शेवटची ताकीद असायची. “ओळीत उभं राहायचं तर आवाज बंद. जमत नसेल तर सरळ वर्गात जाऊन बस.”

भोंग्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पेटीकडे पाहिलं.

“जाते सर,” भोंगा म्हणाली. “पण गात जाणार.”

आणि ती निघाली. दारापर्यंत तीसेक पावलं होती. पहिल्या पावलाला तिने गीत सुरू केलं. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण ती थांबली नाही. पाचव्या पावलाला मागून आणखी एक आवाज आला. मग दोन, मग चार. मागची ओळ सगळीच्या सगळी तिच्यामागून चालत होती. त्यांचा एकही शब्द चुकायचं कारण नव्हतं. ओठांनी त्यांनी ते गीत हजारदा म्हटलं होतं.

“अरे, कुठे निघालात सगळे?” हेडसर ओरडले. कुणी वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात पेटी वाजली. सूर तिच्या आवाजाहून वरचा होता, अंगावर आल्यासारखा. बाई आपला आवाज दाबायला बघताहेत, असं भोंग्याला वाटलं आणि तिला भयंकर राग आला. तिने आवाज चढवला. सूर किंचित खाली सरकला. तरी जुळेना. आणखी खाली आला. आणि मग, ती दाराशी पोहोचता पोहोचता, पेटी तिच्या आवाजाला येऊन मिळाली. गाणं एकदम सोपं झालं. तिने वळून पाहिलं.

बाईंचा हात लाल ठिपक्यापाशी नव्हता. पेटी वाजते म्हणून पुढची ओळही सवयीने गाऊ लागली होती. चिमणी वरच्या सुराला पोहोचली, तेव्हा तिच्या टाचा जमिनीवरच होत्या. तिने चमकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

“बाई, तुम्ही काय त्यांना साथ करताय?” हेडसर म्हणाले. “बेसूर पोरं ती. जाऊ द्या त्यांना.”

बाईंनी भाता सोडला आणि नखाने तो लाल ठिपका खरवडायला घेतला. सोळा वर्षांचा रंग, सहज निघत नव्हता.

“बेसूर माणसं आपापल्या वाटेने भरकटतात, सर. ही सातजणं एकाच सुरावर उभी आहेत,” त्या म्हणाल्या. “हा ठिपका मी माझ्या गळ्याच्या मापाने लावला होता. बेसूर मी होते.”