मोकळा असल्याचा कागद

"बाकी सगळं ठीक आहे," फादर म्हणाले. "फक्त पत्नीच्या मृत्यूचा दाखला आणा. तुम्ही मोकळे आहात, हे बिशपांना कागदावर दिसायला हवं."

बॉयलर मिस्त्रीने मान हलवली. दाखला त्याच्याकडे नव्हता. त्याने तो कधी मागितलाच नव्हता.

इस्पितळाच्या तळघरात बॉयलर सांभाळण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती. गेल्या साली तो वॉर्डातला नळ दुरुस्त करत असताना एका म्हाताऱ्या रुग्णाने त्याचा हात धरला. "फादर आले का?"

फादर वाटेत होते. मिस्त्री तेलकट हातांनीच शेजारी बसला, येत होती तेवढी प्रार्थना म्हणाला. एक ओळ विसरला, ती म्हाताऱ्यानेच पुरी केली. फादर पोचले तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे मिटले होते. हात मात्र मिस्त्रीच्या हातातच होता.

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. रोज सकाळी तो चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसू लागला. फादर वेदीवर भाकर उचलायचे, तसे याचे हात मांडीवरून आपोआप वर यायचे.

इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या मावशी ऐकून पोट धरून हसल्या. "पन्नाशीला सेमिनरीत जाऊन फादर होणार? अरे, प्रवचनात पहिला घोरणारा तू!" मग हसू ओसरलं. "जा बाबा. तुला अडवायला घरी आहे तरी कोण?"

कोणीच नव्हतं. तरुणपणी तो जहाजावर होता. दुसऱ्यांनी लपवलेल्या मालापायी परक्या बंदरात नऊ वर्षं तुरुंगात सडला. पत्रं घरी पोचलीच नाहीत. सुटून आला तर दाराला भलतंच कुलूप. शेजारच्या नव्या भाडेकरूने दार किलकिलं केलं. "त्या बाई? त्या गेल्या हो. दोन वर्षं झाली."

तो तसाच जिना उतरला. कशाने, कुठे, हे विचारायचं त्राण उरलं नाही. तिच्या माहेरी तोंड दाखवायची हिंमतही नव्हती. त्याच दिवशी त्याने शहर सोडलं.

आज पुन्हा त्याच शहरात बसमधून उतरताना त्याला बंदराच्या धक्क्यावर निरोपाला आलेली ती आठवली. निरोप देताना ती कधी हात हलवायची नाही, आधी स्वतःच पाठ फिरवायची. "तुमची पाठ मला बघवत नाही," म्हणायची.

"ती तुझ्याकडे आली," तो मनात म्हणाला. "आता मलाही पदरात घे, देवा."

नोंदणी कार्यालयातल्या कारकून मुलीने तिचं नाव दोनदा शोधलं.

"काका, या नावाने मृत्यूची नोंद नाही."

"नीट बघा ना. माझं फार अडलंय."

मुलीने आणखी एक जाडजूड वही काढली, बोट फिरवलं. "हं, सापडलं. पण मयत म्हणून नाही. अर्जदार म्हणून." तिने वही त्याच्याकडे वळवली. "नवरा सात वर्षं बेपत्ता होता. कोर्टाने त्याला मृत ठरवलं. माहेरच्यांनीच सही करायला लावली, असं त्या सांगतात."

मृताच्या रकान्यात त्याचं स्वतःचं नाव होतं. खाली तिची सही.

"सांगतात?" त्याने वहीवरून मान वर केली.

"मागच्याच महिन्यात येऊन गेल्या की! दर वर्षी येतात आणि एकच विचारतात," मुलगी हसली, "माणूस परत आला, तर हा दाखला रद्द करायला काय काय लागतं?"