शांत रेघ

"सराव चालू असताना लेकीजवळ बसा," असं एकाग्रता केंद्रातल्या ताई बजावत होत्या, तेव्हा केतकीने नुसती मान हलवली. इंजिनीअर बाईला हे काय शिकवायचं? मिहूच्या कपाळावरचा पट्टा मेंदूच्या लहरी टिपणार, मन स्थिर झालं की टॅबवरची होडी सरकणार आणि त्याची रेघ स्वयंपाकघरात केतकीच्या फोनवर उमटणार. मग जवळ कशाला बसायचं?

'हिचं लक्ष लागत नाही' हे शाळेने कळवल्यापासून केतकीची झोप उडाली होती. रोज माकडासारखी उड्या मारणारी रेघ आज मात्र संथ, सुरेख चालली होती. तिने ती लगेच माहेरच्या ग्रुपवर टाकली. नणंदेलाही पाठवली, जरा झोंबू दे म्हणून.

कौतुकाचा शिरा घेऊन ती खोलीत गेली, तर पट्टा घोरणाऱ्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या कपाळावर. मिहू नाही, दार सताड उघडं. केतकी अनवाणीच जिने उतरत सुटली.

मिहू पार्किंगमध्ये उकिडवी बसून झुरळ ओढणाऱ्या मुंग्या बघत होती. तीन हाका मारल्या, तरी तिची मान हलली नाही. केतकीने खांदा धरला.

"आप्पांची होडी माझ्यापेक्षा छान जाते," मिहू कुजबुजली. "आई, हळू. आता त्या वळणार आहेत."

कुठे वळतात ते बघायला केतकी टेकली, ती उठेचना.

तेव्हा तुम्ही वर जात असाल, तर आप्पांना तेवढं बघून या, असं तिचं सांगणं आहे. जागे झाले असले, तर आपल्या लेकीला, म्हणजे केतकीच्या नणंदेला, फोन करू नका म्हणावं.