सुरात न बसलेला आवाज

माझी पलटण दिल्ली छावणीत होती तेव्हा मला वाचता येत नव्हतं, म्हणून वडील गावाहून पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. त्यातली एकच उरली होती. माझी बायको हौसा गेल्यापासून मी तीच ऐकत बसायचो.

गुडगावच्या फ्लॅटमध्ये माझी नात शिवांजली कॉम्प्युटरवर घरातल्या आवाजांची गाणी बनवते. तिने ती कॅसेट मागून घेतली आणि रविवारी सगळ्यांना गाणं ऐकवलं. उखळ, गाईची घंटा, वडिलांचा खोकला, सगळं तालात. सुनेने टाळ्या वाजवल्या. मी शेवटपर्यंत कान लावून होतो.

"बाळा, यातलं काही गाळलंस का?"

"अच्छा, ते किणकिण? सारखं मध्ये येत होतं, आजोबा. सुरातच बसेना, काढून टाकलं."

"मग माझी कॅसेट दे परत."

"ती मशीनमध्ये अडकून तुटली. आणि कॉम्प्युटरवरचं जुनं रेकॉर्डिंग पुसलं मी. टेन्शन नका घेऊ, गाणं आहे ना!"



सासऱ्यांसमोर हौसाला बोलायची चोरी होती, म्हणून ते कॅसेट भरत असले की ती चहा द्यायच्या निमित्ताने टेपजवळ यायची आणि माझ्यासाठी हळूच बांगड्या वाजवायची.