पाचवी खेळाडू

पुसदच्या कॉलेजातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघात चपळ पोरी होत्या, लांबून अचूक बास्केट करणाऱ्या होत्या. फक्त रिंगखाली उभी राहील अशी उंच पोरगी नव्हती. कपिल सरांनी झरी जामणीच्या कॉलेजातून टीसी काढायला लावून सोनूला आणलं. तिच्या जुन्या संघात तिला धरून मोजून पाचच जणी आहेत, हे ठाऊक असूनही.

पहिलाच सामना झरी जामणीशी पडला. समोर चौघीच उभ्या राहिल्या. पंचांनी घड्याळ पाहिलं आणि पुसदला पुढे चाल दिली. सरांची मान काही वर होईना. खालमानेनंच त्यांनी विचारलं,

"पोरीहो, येवढ्या लांबून काहून आल्या मंग?"

"आपल्याले खेळता येनार नाही हे मालूम होतं, सर. आम्ही सोनूचा खेळ पाहाले आलतो."

 

चौघींतल्या एकीनं विचारलं, "आता सोनूबी नाही खेळनार काय?"