कबुतरं एकदाच सोडतात

पाचवी बायकोही रडली नाही, तेव्हा पालुपीने कॅमेरा बंद केला.

तीन दिवस ती म्बाह जोयोच्या अंगणात ठाण मांडून होती. म्बाह म्हणजे आजोबा. वोनोगिरीच्या त्या डोंगरात लहानथोर त्याला तसंच म्हणत. परक्या बाईला हात लावणं पाप, म्हणून तो आजारी बाईशी आधी दोन साक्षीदारांसमोर लग्न लावी आणि मग उपचार करी. बरी झाली की मोकळी. काही जणी मोकळ्या होऊनही गेल्या नाहीत. अशा पाच जणी आता एका चुलीवर रांधत होत्या. शहरातले लोक त्याला भोंदू म्हणत, पोलिसांत दोन तक्रारी होत्या, आणि पालुपीचा माहितीपट त्याचा बुरखा फाडणार होता.

निदान चॅनेलला तिने तसं सांगितलं होतं. खरं तर ती ताईला शोधायला आली होती.

वेनिंगताईच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी कापायला सांगितलं, ती घाबरली आणि इथे आली. ती निघाली तेव्हा आई म्हणाली होती, "त्या म्हाताऱ्याची बायको झालीस तर मला तोंड दाखवू नकोस. आवाजही ऐकवू नकोस."

वेनिंगने एकदाच फोन केला. आईने ऐकून घेतलं आणि काही न बोलता ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती रोज सकाळी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढू लागली.

रेघा वाढल्या तशा शेजारणी हळूच सुचवू लागल्या, की पोरीच्या नावाने विधी करून टाक, जीव अडकून राहतो. आई त्यांना दारातूनच परत पाठवी. बाबांच्या मृत्यूनंतरच्या हजाराव्या दिवशी, अखेरच्या विधीला, तिने तांदळाच्या पिठाचे फुगीर आपेम केले होते, ते शेवटचे. "माझी लेक जिवंत आहे," ती म्हणे, "तिच्यासाठी या घरात आपेम व्हायचे नाहीत." त्या हजाराव्या दिवशी पालुपी परीक्षेचं निमित्त काढून जकार्तात राहिली होती. आई ते विसरली नव्हती.

म्बाह जोयो कॅमेऱ्यासमोर लवंगेची सिगारेट ओढत बसला. गाठ विरघळली, तो म्हणाला. पोरगी बरी झाली, मलेशियाला घरकामाला गेली.

"आईला कळवलंही नाही?"

"आईनेच दार लावलं होतं ना?" तो शांतपणे म्हणाला. "लावलेल्या दाराला कोण कशाला कळवेल?"



मग पालुपीने पाचही जणींना वेगवेगळं बसवून विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. धाकट्या तुमीने वेनिंगने जाताना दिलेला शिंगाचा कंगवा दाखवला आणि लगेच पदराआड घेतला. थोरली सार्मी उलट पालुपीचीच थट्टा करू लागली.

"तुला वाटलं असेल, आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटत असू. अगं, नवऱ्यावर चिडायला पाच जणी असल्या की प्रत्येकीला थोडंच काम पडतं."

"मावशी, ताई खरंच बरी आहे?"

सार्मीने पालुपीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तिला आता काही दुखत नाही," ती म्हणाली.

पालुपी बुधवारी निघणार होती. सार्मीने सोडलं नाही. गुरुवारी दुपारी जेवूनच जा, एक दिवसाने काय बिघडतं, म्हणाली. गुरुवारी म्बाह दुसऱ्या गावी रोगी बघायला गेला होता. बायका पहाटेपासून चुलीशी होत्या. चटई अंथरली, पालुपीला मधोमध बसवलं, सार्मीने पुटपुटत प्रार्थना म्हटली. कोंबडी होती, चिकट भात होता, नारळाच्या दुधातली केळी होती. पाहुणीचा एवढा थाट बघून पालुपी संकोचली.

जेवण झाल्यावर तुमीने पिंजरा आणला. आत कबुतरांची जोडी होती, दोघांच्या गळ्यात फुलांचे बारीक हार. अंगणात पाचही जणी गोल उभ्या राहिल्या आणि तुमीने दार उघडलं. कबुतरं सागाच्या शेंड्यांवरून दिसेनाशी झाली. पालुपीला तिचं शेवटचं दृश्य मिळालं. फक्त ऊन समोरून आलं होतं.

"मावशी, परत पकडून एकदा सोडता येतील?"

सार्मी तिच्याकडे बघत राहिली.

"नाही गं. ती एकदाच सोडतात."

आठवड्याने पालुपी क्लातेनला आईकडे गेली. बुरखा फाडायचा विचार तिने सोडला होता. म्हातारा विचित्र होता, पण ताई जिवंत होती, आणि तेवढं आईला दाखवायचं होतं.

आई लॅपटॉपसमोर पाय मुडपून बसली. कंगवा दिसला तेव्हा हसली. "माझाच आहे तो. न विचारता घेऊन गेली." सार्मीचं बोलणं तिने दोनदा ऐकलं आणि बाहीने डोळे पुसले. मग म्हणाली, "तिकडचा नंबर मिळेल का गं? या वेळी मी बोलेन तिच्याशी. मीच आधी बोलेन."

"मिळवते. आता शेवट बघ, छान आलाय."

पडद्यावर ताटं आली. आई पुढे वाकली. मग पिंजरा आला, हार आले, कबुतरं उडाली.

"कधीचं हे?"

"मागच्या गुरुवारचं."

आईने लॅपटॉपचा पडदा मिटला.

"तुझ्या बाबांच्या हजाराव्या दिवशी कबुतरं वेनिंगनेच सोडली होती," ती म्हणाली. "तू नव्हतीस."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भिंतीवरच्या, हजारावर गेलेल्या रेघांवरून तिने एकदा हात फिरवला. कोनाड्यातला कोळशाचा तुकडा उचलून चुलीत टाकला. मग मोठं पातेलं घेतलं, आणि आपेमचे तांदूळ भिजत घातले.