अंड्याचा रकाना

संडासाखालच्या यंत्रानं निकाल दिला आणि शेवंताचं रेशन चार भाकरींवरून तीनवर आलं. खाल्लेल्यातली जेवढी ऊर्जा बाहेर पडते तेवढी वजा करायची, उरलेली अंगी लागली असं धरायचं. शेवंताच्या अंगी भरपूर लागत होती म्हणे, म्हणून एक भाकर कमी. अंगावर पिणारं पोर मात्र चार दिवस भुकेनं रडत होतं.

तिची सासू बायजाबाई त्याला काखोटीला मारून रेशन कचेरीत घुसली.

"नलावडेसाहेब, हे मोजमाप मला शिकवू नका. पोल्ट्रीत कोंबड्यांच्या खाद्याची ताकद अशीच काढायचे. पिंजऱ्याखालच्या ट्रेमधली घाण वीस वर्षं मीच वाळवून तोलून दिली. पण अंड्यावरच्या कोंबडीला खाद्य जास्त असायचं. माझ्या सुनेचं दूध कुठं धरलंय?"

"मावशी, दुधाला रकानाच नाही. कोंबड्यांचाच फॉर्म माणसांना लावला, तेव्हा अंड्याचा रकाना काढून टाकला."

"काढला? तुमच्या हापिसात कुणाला आईनं पाजलंच नव्हतं काय?"

पोरानं गळा काढला.

"मग तिचं नाव कोंबड्यांच्या फॉर्मात लिहा."

"अहो, असं कसं..."

"लिहा म्हणते ना!"

नलावडेंनी टेबलावरच्या यंत्रात जुना फॉर्म उघडून नाव भरलं. यंत्रानं पाच भाकरी दाखवल्या, पण मंजुरीआधी एक प्रश्न विचारला.

"अंडी किती, विचारतंय," नलावडे पुटपुटले.

बायजाबाईनं रडतं पोर त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"एक," ती म्हणाली. "घ्या मोजून."