आवाज किती वाढतो?

“आवाज किती वाढतो याचा?” बायकोनं दुकानदाराला तिसऱ्यांदा विचारलं.

तिच्या नवऱ्याला, छापखान्यातल्या मशीनमनला, नवल वाटलं. मुलीनं त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि त्यानं तिला ‘पुन्हा हा उंबरा चढू नकोस’ म्हणून बजावलं, त्याला आता तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बायको ‘भाजी कुठली करू’ एवढंच विचारायची. आज म्युझिक सिस्टिम निवडताना मात्र तिला कंठ फुटला होता.

“मूर्ती लहान पण कीर्ती महान,” असं म्हणत दुकानदारानं बटण फिरवलं. पावाएवढा डबा आणि वीतभर उंचीचे दोन स्पीकर, पण दुकानाच्या काचा थरथरल्या.

“हेडफोनची सोय आहे ना?” मशीनमननं विचारलं.

“हेडफोन नकोत,” बायको म्हणाली.

त्यानं वाद घातला नाही. चूक त्याची होती आणि महिनाभर ती त्याला आतून खात होती. छापखान्यात रात्रपाळी, त्यामुळे त्याची झोप दुपारची. नेमक्या दुपारीच खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई गाणी लावायच्या. तीच ती दहा गाणी, तीही ठणाणा. शेवटी इमारतीच्या सभेत तो सगळ्यांसमोर म्हणाला, “बाई रोज दुपारी घर डोक्यावर घेतात. कान गेलेत का तुमचे?”

लोक हसले. दुसऱ्या दिवशी बाईंनी आपली जुनी सिस्टिम भंगारवाल्याला देऊन टाकली.

दुपारी सगळं शांत झालं आणि याची झोप उडाली. यंत्रांच्या खडखडाटात त्याच्या निम्म्या सोबत्यांचे कान गेले होते. त्यांना तो कधी हसला नव्हता. म्हातारीचे कान खरंच गेले असतील तर? जिन्यात बाई समोर आल्या की तो आपल्या चपलेचा अंगठा बघायचा.

बायकोचंही खाली जाणं थांबलं होतं. आधी ती रोज दुपारी लोकर घेऊन बाईंकडे विणायला जायची. काहीतरी पिवळं, वाटीएवढं. विचारलं तर म्हणायची, “किटलीवर घालायला.” आपल्या जिभेपायी तिची एकुलती एक मैत्रीण तुटली, याची त्याला जास्तच लाज वाटायची.

संध्याकाळी दोघं खोकं घेऊन खाली गेले. त्याचा धीर होत नव्हता. त्यानं बोटानं एकदाच, हळूच टकटक केलं. दार लगेच उघडलं.

“बाई,” तो मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “माझं चुकलं. मला माफ करा. हे तुमच्यासाठी आणलंय. हवी तेवढी मोठ्यानं गाणी लावा.”

“हळू बोला. मला टाचणी पडलेलीसुद्धा ऐकू येते,” बाई म्हणाल्या. “आणि गाण्यांचं मला काही वेड नाही.”

“मग रोज एवढ्या मोठ्यानं कशाला लावायचात?”

बाईंनी त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. बायकोनं पिशवीतून ती किटलीची पिवळी टोपी काढली. टोपीला हनुवटीखाली बांधायचे दोन बंद होते.

“अहो,” ती म्हणाली, “आपली नात रडायला लागली की घर डोक्यावर घेते.”